पहिलीच गाडी, तीही जुनी बंद पडलेली स्पोर्ट्स कार: घेऊ का नको?

पत्र:

"ताई, मी १९ वर्षांचा आहे, लायसन्स नुकतंच मिळालंय. बाबांच्या एका मित्राकडे १९९१ ची लाल माझदा एमएक्स-५ आहे, सहा-सात वर्षं शेडमध्ये कव्हर घालून उभी. काका म्हणतात लावली तेव्हा चालू होती, हवी तर घेऊन जा, पैसेही फार मागत नाहीत. दुसरीकडे एक एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) मिळतेय, ती पूर्ण खोललेली आहे, सगळे पार्ट खोक्यांत भरून ठेवलेत, मालक म्हणतो 'फक्त जोडायची बाकी आहे'. मला दिसायला एमजीबीच जास्त आवडते. माझा प्लॅन असा की गाडी पूर्ण खोलायची, आधी झकास पेंट करायचा, मग इंजिनचं बघायचं, आणि मित्र म्हणतो टर्बो पण बसवू. कॉलेजला रोज तीच न्यायची. आई म्हणते आधी साधी गाडी घे, हात बसू दे, मग काय ते कर. बाबा काहीच बोलत नाहीयेत. आत्तापर्यंत मी फक्त बाइकचं ऑइल बदललंय. काय करू?"

अरे, आधी उत्तर सांगून टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. माझदाची बॉडी खालून धड असेल तर माझदा घे. एमजीबी सोड. कुठलीही घेतलीस तरी पूर्ण खोलू नकोस. पेंट सगळ्यात शेवटी. टर्बो विसर. आणि कॉलेजला जायला निदान पहिलं वर्ष तरी दुसरी काहीतरी सोय ठेव, म्हणजे आईचं अर्धं म्हणणं मी आत्ताच मान्य केलंय, पुढचं अर्धं खाली येतंय.

एमजीबी वाईट गाडी आहे म्हणून सोड म्हणत नाहीये हां. शिकायला तर ती फार छान. १९६२ पासून १९८० पर्यंत बनत होती, पाच लाखांच्या वर बनल्या, १७९८ सीसीचं साधं इंजिन, बोनेट उघडलं की सगळं समोर दिसतं आणि हात पोचतो, आणि पार्ट आजही नवे बनतात, १९८८ पासून तर आख्खी बॉडी शेलसुद्धा नवी मिळायला लागली. गाडी उत्तमच आहे, पण तुला जी मिळतेय ती गाडी म्हणून मिळतच नाहीये, खोकी मिळतायत. "फक्त जोडायची बाकी" हे वाक्य जिथे ऐकशील तिथून उलटा फिर, कारण फक्त जोडायचीच बाकी असती तर त्याने जोडली नसती का? ज्याने खोलली त्याला माहीत होतं कुठला बोल्ट कुठला, कुठला वॉशर आधी आणि कुठला नंतर, कुठला ब्रॅकेट तुटला म्हणून फेकून दिला. तुला यातलं काहीच माहीत नाही, आणि काय हरवलंय ते तुला जोडताना शेवटी शेवटी कळणार, जेव्हा माघार घ्यायला फार उशीर झालेला असेल. शिवाय चालत्या गाडीत बिघाड शोधता येतो, खोक्यात नाही. गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरमधून सुटतो का हे खोक्याकडे बघून कसं कळणार?

आणि यात अजून एक मोठी भानगड आहे जी तुला कोणी सांगितली नसणार. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी, आणि वर टप नाही, त्यामुळे दरवाज्यांखालून पुढून मागे जाणारे जे पोकळ पत्र्याचे बीम असतात, ज्यांना सिल म्हणतात, त्यांच्यावरच सगळा भार. हे सिल गंजतातच, आणि ते बदलताना गाडीला नीट आधार न देता, दरवाज्याच्या फटीत आडवा बार न लावता कोणी जुना पत्रा कापला, तर बॉडी मधे बारीकशी वाकते, आणि त्या वाकलेल्या अवस्थेत नवीन सिल वेल्ड झालं की ती कायमची तशीच राहते. नंतर दरवाजे लागत नाहीत. हे तपासायचा सोपा उपाय म्हणजे दरवाजा लावून भोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघणं. तुझ्या एमजीबीचे दरवाजे कुठे आहेत? कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेत. मग कशावरून कळणार?

आता माझदा. तुला एमजी आवडते ना, मग ही तुला आवडणारच, थोडा वेळ दे तिला. १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही आली तेव्हा कल्पनाच अशी होती की जुन्या ब्रिटिश रोडस्टरची मजा हवी, दोन सीट, पुढे इंजिन, मागच्या चाकांना पॉवर, उघडं टप, फक्त ती रोज सकाळी सुरू झाली पाहिजे आणि खाली ऑइलचं तळं नको. वजन साधारण साडेनऊशे किलो, १.६ लिटरचं इंजिन, जेमतेम ११५ हॉर्सपॉवर. पहिल्या पिढीच्याच चार लाखांच्या वर विकल्या गेल्या त्यामुळे पार्ट मिळतात, नवे मिळतात, जुने मिळतात, आणि २०१७ मध्ये तर माझदाने स्वतःच जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्या रिस्टोअर करून द्यायची योजना जाहीर केली. पहिल्यांदा हात घालणाऱ्याला याच्यापेक्षा सोपी स्पोर्ट्स कार मिळणं कठीण आहे. कोणी स्वस्तात पोर्शे ९४४ दाखवली तर मात्र भुलू नकोस, तिचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिनचा निकाल लागतो. माझदाच्या या १.६ मध्ये बेल्ट तुटला तर गाडी जागेवर बंद पडते, पण व्हॉल्व्ह वाकत नाहीत. तुझ्यासारख्या शिकाऊ माणसाला ही फार मोठी सवलत आहे.

पण घेशील तेव्हा डोळे उघडे ठेवून घे. बघायला जाताना टॉर्च, एक छोटं लोहचुंबक, जॅक आणि मळले तरी चालतील असे कपडे. सगळ्यात आधी कागदपत्रं बघ, कागदावरचा चॅसी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एक आहे का, काकांच्याच नावावर आहे का, इतकी वर्षं उभी असलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन अजून जिवंत आहे का. बाबांचे मित्र असले तरी बघ, त्यात लाजायचं काही नाही.

मग सरळ मागच्या चाकाच्या पुढे, दरवाजा संपतो तिथे खाली गुडघ्यावर बस. या गाडीचं दुखणं ठरलेलं आहे. कापडी टपावरून येणारं पाणी सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून खाली जातं आणि गाडीखाली बाहेर पडतं. त्या नळ्यांत पानं, माती अडकली की पाणी आत तुंबतं आणि सिलमध्ये उतरतं, मग सिल आतून कुजायला लागतं. बाहेरून काय दिसतं तर पेंटखाली दोन-चार बारीक फोड, बस. तिथे अंगठ्याने जोर देऊन दाब. पत्रा दबला, करकर आवाज आला की समज आत काही उरलेलं नाही. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून (पेंटवर चरे नकोत, काकांचीच गाडी आहे अजून) सिलवरून आणि चाकांच्या कमानीवरून फिरव, जिथे धरत नाही तिथे खाली पुट्टी भरलीय. सीटच्या मागचं कार्पेट उचल, ओलं किंवा कुबट वास येत असेल तर नळ्या तुंबल्यात. डिक्कीतला बॅटरीचा कोपरा बघ, या गाडीची बॅटरी मागे डिक्कीत असते आणि ॲसिड सांडलं की तिथला पत्रा खाल्ला जातो. शेवटी पुढचं एक चाक जॅकवर उचल आणि उचलायच्या आधी आणि नंतर दरवाज्याची फट बघ, दरवाजा उघडबंद करून बघ. फट बदलली, दरवाजा घासायला लागला, तर काकांना नमस्कार कर आणि घरी ये, अशी गाडी फुकट दिली तरी तुझ्या कामाची नाही. हाताएवढा एखादा तुकडा गेला असेल तर ते वेल्डिंग जाणकाराकडून करून घेता येतं, सिलचं वेल्डिंग स्वतः शिकायची जागा ही नव्हे.

इंजिनकडे तू नंतर बघायचंस, कारण इंजिन दुरुस्त होतं, नाहीतर शोधलं तर दुसरं मिळतं, कुजलेली बॉडी मात्र पैसे खात बसते.

समजा बॉडी धड निघाली, गाडी घरी आली. आता तुझा हात सगळ्यात आधी शिवशिवेल तो बॅटरी जोडून सेल्फ मारायला. मारू नकोस! आणि खरं तर इंजिनच्या आधी ब्रेक कर, का ते सांगते. इंजिन सुरू झालं की माणसाला एक चक्कर मारायचीच असते, फक्त गेटपर्यंत, फक्त कोपऱ्यापर्यंत, आणि ब्रेकचं काम मागे पडतं. इंजिन बंद असलं की ब्रेकचं काम निवांत होतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, झाकण बंद असलं तरी वर्षानुवर्षं थोडं थोडं शोषतच राहतं. नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शिरल्यावर त्याची मर्यादा १५५ पर्यंत खाली येते, म्हणजे लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. तेच पाणी आतून पाइप आणि पिस्टनही गंजवतं. त्यामुळे ऑइल तर बदलायचंच, पण चाकाजवळचे रबरी पाइप चारही नवे टाक, जुने बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात, मग पेडल सोडलं तरी त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. या गाडीत मागचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) हमखास जाम होतात कारण हँडब्रेकची यंत्रणा त्यातच आहे, ते उघडून बघ. आणि ब्रेकची जुनी धूळ फुंकू नकोस, हवाही मारू नकोस, ओल्या फडक्याने पूस, कारण जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि आत्ता गाडीवर कुठले पॅड आहेत ते तुला माहीत नाही.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला दोन माणसं लागतात, आणि इथे आईला बोलव. मस्करी नाही करत, खरंच बोलव. निपलवर (कॅलिपरवरचा हवा सोडायचा छोटा स्क्रू) आदल्या दिवशीच गंज सोडवायचं ऑइल मारून ठेव आणि खोलायला सहा कोनी गोटी पानाच वापर, साध्या उघड्या पान्याने त्याचे कोपरे गोल झाले की तू रडशील. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा भाग) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू कर. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. आई ड्रायव्हर सीटवर. तू खालून ओरडायचं "दाब", ती दाबून म्हणणार "दाबलं", तू निपल पाव वळसा सोडायचा, नळीतून आधी काळपट ऑइल येईल, बुडबुडे येतील, तिचं पेडल खाली जाईल, आणि ती पाय उचलायच्या आत तू निपल बंद करायचा, मग "सोड". क्रम चुकला, तिने आधी पाय उचलला, की बाहेरची हवा आत, परत पहिल्यापासून. मधे मधे वरच्या टाकीत ऑइल बघत राहायचं, ती रिकामी झाली तर सगळी मेहनत पाण्यात. स्वच्छ ऑइल बुडबुड्याशिवाय यायला लागलं की पुढचं चाक. पेंटवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धू, ते पेंट खातं. शेवटी आईला पेडल जोरात दाबून धरायला सांग, मिनिटभर, पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर काम संपलेलं नाही. आणि हे सगळं झाल्यावर, रस्त्यावर न्यायच्या आधी, एकदा ब्रेकचं काम रोज करणाऱ्या माणसाला दाखव. पहिल्याच वेळी स्वतःच्या ब्रेकवर आंधळा विश्वास ठेवू नकोस.

आता इंजिन. "लावली तेव्हा चालू होती" हे काका खोटं बोलत नाहीयेत, पण उभ्या गाडीत बरंच काही घडतं. पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं आणि चिकट गाळ होतो, सिलिंडरमध्ये ओलावा गेला तर पिस्टनच्या रिंग धरून बसतात, उंदीर वायरी खातात. म्हणून चारही प्लग काढ, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोड, एक दिवस तसंच राहू दे. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या (इंजिनच्या पुढच्या टोकाची चक्री) बोल्टला पाना लाव आणि हाताने फिरव, पुढून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, दोन पूर्ण वळसे, म्हणजे चारही सिलिंडरचं एकेक चक्र पुरं होतं. हाताला एकसारखा जड लागला तर उत्तम. मधेच दगडासारखा अडला तर तिथेच थांब, पान्याला पाइप लावून जोर करायचा नाही.

मग टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढ (मोकळ्या जागेत, आसपास ठिणगी, दिवा, सिगरेट काही नको), फिल्टर नवा, इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर नवा, कुलंट नवं. पेट्रोलचे रबरी पाइपही बदल, हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने तडकतं, घेताना इथेनॉल चालणारेच घे. टायमिंग बेल्ट साधारण लाखभर किलोमीटरला बदलतात, पण इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या रबराला किलोमीटर मोजत बसायचं नसतं, वॉटर पंपासकट बदलून टाक, आणि ते काम करताना क्रँकचं पुढचं टोक आणि त्यातली चावीची खाच झिजलीय का नीट बघायला सांग, सुरुवातीच्या १.६ इंजिनांमध्ये तो कच्चा भाग होता. मग प्लग न लावता, इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून, थोडा थोडा सेल्फ मार, ऑइल प्रेशरचा काटा वर येईपर्यंत. तुझ्या १९९१ च्या गाडीत तो काटा खरा आहे, नंतरच्या वर्षांत कंपनीने तो नुसता दिखाऊ करून टाकला. काटा उठला की प्लग लाव आणि कर सुरू. वरून टकटक टकटक असा आवाज येईल, घाबरून बंद करू नकोस लगेच, या इंजिनाच्या हायड्रॉलिक लिफ्टरमधून (व्हॉल्व्हवरचे ऑइल भरलेले छोटे भाग) ऑइल उतरलेलं असतं, परत भरलं की बहुतेक वेळा आवाज थांबतो. खालून जड ठोका येत असेल तर मात्र बंद कर.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं, नंतर, इंजिन गरम असताना, सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. चार आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा बराच कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोज, आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

टायर. नक्षी खोल आहे म्हणून ठेवू नकोस. बाजूला डॉट लिहिलेलं असतं, त्याचे शेवटचे चार आकडे बघ, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा, म्हणजे तुझ्यापेक्षा मोठा, त्याला मान देऊन काढून टाक. चारही नवे, पाचवा डिक्कीतला विसरू नको.

आता आईचं उरलेलं अर्धं म्हणणं. ज्या गाडीने सोमवारी सकाळी कॉलेजला पोचायचंय तिचं काम रविवारी रात्री घाईत होतं. बोल्ट हाताने घट्ट केला आणि टॉर्क (ठरलेल्या जोराने आवळणं) द्यायचा राहिला, पाइप जुनाच टाकला कारण नवा मंगळवारी येणार होता, असंच होतं, सगळ्यांचं होतं. आणि उलटं, जी गाडी पूर्ण खोलून ठेवलीय तिची कोणालाच घाई नसते, मग परीक्षा येते, मग नोकरी लागते, आणि कोणीतरी जाहिरात देतं, "फक्त जोडायची बाकी". तुझ्या एमजीबीच्या मालकाचं दुसरं काय झालं असेल असं तुला वाटतं? म्हणून मधला रस्ता धर. गाडी तुझी, पण पोटापाण्याची नाही, कॉलेजला बस किंवा बाइक किंवा आई म्हणते तशी साधी गाडी. आणि माझदावर एका वेळी एकच काम घ्यायचं, असं की रविवार संध्याकाळपर्यंत ती परत चार चाकांवर उभी आणि चालती असेल. या आठवड्यात फक्त क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग (तो जाणारच आहे, या गाडीत जातोच), पुढच्या वेळी फक्त एका बाजूचे सस्पेन्शनचे रबरी बुश. वर्षभरात तू जवळपास सगळी गाडी हाताखालून काढलेली असेल आणि तरीही ती एकदाही खोक्यात गेलेली नसेल. निघालेला प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर नाव, काढायच्या आधी फोटो, हे कंटाळवाणं आहे पण कर.

आणि चालवायचं म्हणशील तर, तू ज्या गाडीवर शिकलास तिला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असणार, बहुतेक स्टॅबिलिटी कंट्रोलही (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), अमेरिकेत ते २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं आहे. या माझदात स्टॅबिलिटी कंट्रोल नाहीच, एबीएसही बहुतेक नसेल, एअरबॅग असली तर एखादी, बऱ्याच ठिकाणी विकलेल्या सुरुवातीच्या गाड्यांत तीही नाही. ओल्या वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडलास किंवा एकदम दाबलास तर मागचा भाग बाहेर निघतो आणि सावरायला फक्त तूच असतोस. मोकळं, ओलं मैदान शोध, शेजारी कोणी मुरलेला माणूस बसव आणि कमी स्पीडला मुद्दाम जोरात ब्रेक दाबून चाकं लॉक करून बघ, गाडी घसरते तेव्हा पार्श्वभागाला कसं जाणवतं ते कळू दे. पहिल्या काही महिन्यांत पावसात आणि रात्री शक्यतो नको. हेडलाइट वर उचलणारी मोटर गेली तर बोनेट उघडून मोटरच्या बाजूचा नॉब हाताने फिरवून दिवा वर आणता येतो, ते आधीच एकदा करून बघून ठेव, अंधारात शोधत बसशील नाहीतर. सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून बघ, विसविशीत झाला असेल तर बदल.

बाबा गप्प आहेत ते बहुधा खर्चाचा विचार करतायत. त्यांच्यासमोर कागद ठेव: हातात जे पैसे आहेत त्यातले निम्म्यापेक्षा जास्त गाडी घेण्यात जाणार नाहीत, उरलेल्यात आधी ब्रेक, टायर, बेल्ट, बॅटरी, आणि कशाला किती लागेल ते नीट विचारून लिहिलेलं. आणि इन्शुरन्सचं गाडी घ्यायच्या आधी विचार, १९ वर्षांचा ड्रायव्हर आणि दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हटल्यावर आकडा ऐकून दचकशील. हत्यारांत कंजूषपणा दोन ठिकाणी नको, जॅक स्टँड आणि टॉर्क रेंच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, डोकं तर सोडच. बाकी मिलिमीटरचे गोटी पाने, मल्टीमीटर, आणि या गाडीचं कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल, व्हिडिओ बघ हवे तेवढे पण टॉर्कचा आकडा मॅन्युअलमधलाच.

पेंट शेवटी का, तर वर्षभर तू तिच्यावर वाकणार आहेस, पाना निसटणार आहे, ब्रेक ऑइल सांडणार आहे. लाल रंग उन्हाने गुलाबी पडला असेल तर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन एक पॅनेल घासून बघ, बऱ्याचदा खालून बरा लाल निघतो आणि तेवढ्यावर दोन वर्षं भागतं.

टर्बोचं मित्राला सांग की इंधनाचं मिश्रण नीट बसवता आलं नाही तर पिस्टन वितळतो, आणि १.६ चा मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना पॉवर वाटून देणारा गिअर) लहान आहे, जास्त पॉवर त्याला झेपत नाही. एवढं सांगूनही तो ऐकला नाही तर त्याला त्याच्या गाडीत बसवू दे.

तर आता असं कर, या आठवड्यात शेडमध्ये जा आणि मला हे फोटो पाठव: दोन्ही बाजूंचं सिल मागच्या चाकाच्या पुढे, अगदी जवळून; सीटमागचं कार्पेट उचलून; डिक्कीतला बॅटरीचा कोपरा; आणि ऑइल फिलरचं झाकण उलटं करून, आत पांढरट मळी आहे का ते दिसेल असं. काकांना विचार टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला, बिल सापडलं तर तेही पाठव. फोटो आल्याशिवाय काकांना पैसे देऊ नकोस.